कागदात न मावणारं बुचाचं झाड

सोमवार, ८ सप्टेंबर

डॉक्टरांनी आज घरी सोडलं. स्वरयंत्रावरची गाठ काढली, ती साधी निघाली. गोळ्या थोड्याच आहेत. खरा इलाज मौनाचा. तीन आठवडे एक शब्द नाही. मी खुणेने विचारलं, कुजबुजलं तर? "कुजबुज तर मुळीच नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिने उलट जास्त ताण पडतो. पथ्य मोडलंत तर आवाज येईल परत, पण तो तुमचाच असेल याची हमी मी देत नाही."

माझा आवाज! या आवाजाने मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लोकांनी माईक बंद पाडले तेव्हा माईकवाचून सभा जिंकल्या. हुंडा, दारू, नदीत ओतलेला राडारोडा, चौकाचौकांतले वाढदिवसांचे फ्लेक्स. ज्याच्याविरुद्ध मी बोललो नाही असा अन्याय पुण्यात उरला असेल, तर तो मला कुणी कळवलेला नाही.

म्हणून ही वही. कुठेतरी बोललंच पाहिजे.

संध्याकाळी दाराखालून सोसायटीची नोटीस सरकली. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार २८ सप्टेंबर. विषय सातवा: 'आवारातील बुचाचे झाड दरवर्षी बी इमारतीकडे झुकत असल्याने ते काढण्याच्या परवानगीसाठी अर्ज करणे व त्या जागी दुमजली पार्किंग उभारणे.' खाली अध्यक्ष दिगंबररावांची सही.

अठ्ठावीस म्हणजे माझ्या मौनाचा शेवटचा रविवार. हा योगायोग आहे असं श्यामला म्हणते. माझी पत्नी सगळ्यालाच योगायोग म्हणते.

झुकत आहे म्हणे! आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते झाड दुसऱ्या मजल्याएवढं होतं. आज चौथ्याच्या वर गेलंय, सरळसोट. पावसाळा संपता संपता त्याची लांब दांड्यांची पांढरी फुलं आवारभर पडतात आणि कर्वेनगरातला तेवढा एक कोपरा पेट्रोलचा वास विसरतो. या वाक्याला सभेत टाळ्या पडल्या असत्या. आता ते इथेच पडून राहणार.

बुधवार, १० सप्टेंबर

श्यामलाने पाटी आणि पेन्सिल आणली. मी लिहायचं, तिने वाचायचं. व्यवस्था ऐकायला ठीक आहे. प्रत्यक्षात मी 'चहा' लिहिलं की तिला लगेच दिसतं. 'आमटीत मीठ कुठे आहे?' असं लिहिलं की तिचा चष्मा सापडत नाही.

दिवसभर घरात तिचेच आवाज. भांड्यांचा, नळाचा, आणि गुणगुणण्याचा. ही गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. पाटीवर विचारलं, कधीपासून? म्हणाली, "लग्नाआधीपासून."

दुपारी विचार सुचला. बोलता येत नाही, तर दाखवीन. सभेच्या हॉलमध्ये झाडाचे मोठाले फोटो लावायचे, वर्षावार. झुकलं की नाही ते ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं. फोटो आणायचे कुठून, हा प्रश्न होता. श्यामलाच म्हणाली, "माझ्या फोनमध्ये असतील."

निघाले की! २०१७ पासून दर वर्षीचा एक, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला. सगळे पंधरा ऑगस्टचे. नेमकं त्याच दिवशी हिला झाडाचं कौतुक का वाटतं, देव जाणे. मी त्या वेळी खाली झेंड्याच्या खांबापाशी भाषण करत असतो, घरात नसतो. नाहीतर तेव्हाच विचारलं असतं.

भाषणाला ती येत नाही. पहिल्या वर्षी आली होती. पुढच्या रांगेत बसून तिने जांभई दिली, त्यावर मी घरी येऊन चार शब्द बोललो, आणि तेव्हापासून "नाश्त्याचं बघायचंय" हे कारण कायम झालं. सोसायटीतल्या लहानथोरांनी माझं भाषण ऐकलंय. फक्त माझ्या बायकोने नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

वाघोलीहून ऋचा आली. आमची मुलगी तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि शिकवायची सवय घरी येताना उतरवून ठेवत नाही. ती कुणावर गेली आहे हे श्यामलाने कुणी न विचारता सांगितलं.

ऋचाने तिचा जुना लॅपटॉप आणि रंगीत प्रिंटर टेबलावर मांडला, फोटो फोनमधून त्यात उतरवले आणि छापायची खिडकी उघडली.

"बाबा, इकडे बघा. डावीकडे सगळे पर्याय, उजवीकडे प्रिव्ह्यू. म्हणजे कागदावर काय येणार ते छापायच्या आधीच दिसतं. 'फिट' केलंत तर अख्खा फोटो कागदात मावेल, पण कडेला पांढरं राहील. 'फिल' केलंत तर कागद पूर्ण भरेल, पण फोटोच्या कडा कापल्या जातील. आणि हे स्केल. शंभर म्हणजे आहे तेवढा, दीडशे म्हणजे दीडपट. काहीही करा, फक्त प्रिंट दाबायच्या आधी प्रिव्ह्यू नीट बघा. प्रॉमिस?"

प्रिव्ह्यूला मी पूर्वदर्शन म्हणेन. शब्द चांगला आहे, वस्तू भिकार. मी आयुष्यात एकाही भाषणाची तालीम केली नाही. आरशापुढे हातवारे घोटणारे वक्ते मी पाहिलेत; त्यांची भाषणं शिळ्या पोळीसारखी वातड असतात. जे बोलायचं ते लोकांसमोर, त्या क्षणी, थेट. मी पाटीवर लिहिलं: 'तालीम कमकुवत माणसाला लागते.'

"आणि समुद्रकाठी तोंडात गोटे धरून सराव करायचा तो ग्रीक वक्ता? त्याची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना रोज जेवताना?" ऋचा म्हणाली.

मी पाटी पुसली.

"आई, हे असं किती दिवस चालणार आहे?"

"फक्त लिहितायत ना," श्यामला म्हणाली. "चालू दे."

रविवार, १४ सप्टेंबर

पहिला फोटो छापला. कागद उभा ठेवला, कारण झाड उभं. फोटो मात्र आडवा. श्यामला फोन आडवा धरते. 'फिट' केल्यावर काय झालं, तर उभ्या कागदाच्या मधोमध आडवी पट्टी आणि वर-खाली पांढरं वाळवंट. त्या पट्टीत झाड बोटाएवढं. डाव्या कडेला पाण्याची टाकी, उजव्या कडेला झेंड्याचा खांब आणि त्याच्या बुडाशी मुंग्यांएवढी माणसं. हे बघून कुणाचं मन हलणार आहे?

पांढरी जागा मला सहनच होत नाही. भाषणात दोन वाक्यांमध्ये पोकळी सोडली की मागच्या रांगेतला माणूस घड्याळ बघतो. कागद मिळालाय तर तो भरला पाहिजे.

म्हणून 'फिल'. त्यावर स्केल एकशे साठ. आता कसं! टाकी गेली, खांब गेला, मुंग्या गेल्या, कंपाउंडची भिंत गेली. कागदभर फक्त झाड.

वळून बघतो तर श्यामला मागे उभी.

"खांब कुठे गेला?"

'खांबाचं काय काम?' मी लिहिलं. 'विषय झाड.'

तिने चष्मा न शोधता वाचलं. "बरं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. जेवताना गुणगुणत नव्हती. भाजी मात्र बरी झाली होती.

मंगळवार, १६ सप्टेंबर

साध्या कागदाला शाईने सुरकुत्या पडतात. जाड कागद आणायला बुधवार पेठेत गेलो, पाटी पिशवीत घालून. गणपती उठून दहा दिवस झाले तरी दगडूशेठसमोरची गर्दी हलायला तयार नाही. एका दुकानात शिरलो, पाटी दाखवली: 'फोटोचा जाड कागद.'

"बोलता येत नाही, की आमच्याशी बोलायचं नाही?" दुकानदार म्हणाला.

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"मग ठीक. दुसऱ्या प्रकारातल्यांना आम्ही माल देत नाही. चकचकीत हवा की मंद?"

'फरक काय?'

"एक चकचकीत असतो. दुसरा नसतो."

इतक्या वर्षांत मला निरुत्तर करणारा हा पहिला माणूस, आणि तोही नेमका मी मुका असताना! तिथेच दुकानाच्या पायरीवर उभं राहून ग्राहकाच्या प्रतिष्ठेवर बोललो असतो तर रस्ता अडला असता. मुकाट मंद कागद घेऊन आलो.

घरी आल्यावर पहिल्याच फोटोत झाडाचा शेंडा उडाला. दुसऱ्यांदाही उडाला. ऋचाला मेसेज केला. तिचं उत्तर: 'बाबा, कागद कुठल्या मापाचा आहे? पाकिटावर बघा.' पाकिटावर ठळक लिहिलेलं होतं, लेटर. प्रोग्रामला मी ए-फोर सांगितलेलं. म्हणजे तो बिचारा मनातल्या मनात लांब कागदावर छापत होता आणि खाली कागद आखूड. समोर कोण बसलंय हे न बघता बोलणारे वक्ते असतात, तसलाच प्रकार. माप बदललं. शेंडा परत आला. दुपार मात्र गेली.

गुरुवार, १८ सप्टेंबर

यंदाचा फोटो सर्वांत मोठा हवा, म्हणून तो चार कागदांवर मिळून छापायचं ठरवलं. प्रोग्राममध्ये 'पोस्टर' अशी सोय आहे. तो चित्राचे चार तुकडे करून देतो, आपण जोडायचे. चार कागद जमिनीवर जुळवले तर झाडाच्या छातीवर मोठा पांढरा क्रूस! प्रिंटर म्हणे प्रत्येक कागदाची थोडी कड कोरी सोडतोच, ते त्याच्या हातात नाही. मग कात्री घेतली. कड कापता कापता एक फांदी गेली. पुन्हा छापलं. तीन कागद ठीक आले आणि चौथ्यावर शाई संपत आली, बुंधा गुलाबी झाला.

ओरडता येत नसलं की राग शरीरात कुठे जातो ते आज कळलं. तो गुडघ्यांत जातो. मी उठलो, पाटी भिरकावली, ती कॉटखाली गेली.

श्यामला खाली बसली आणि ते चार तुकडे हळूहळू जुळवू लागली. "हा यंदाचा," ती म्हणाली. "खिडकीला जाळी बसवल्यापासून फोन बाहेर काढून तिरका धरावा लागतो. शिवाय ती उजवीकडची फांदी पसरत चाललीये. दर वर्षी जरा जास्तच तिरकं व्हावं लागतं."

झाडाचा फोटो काढायला तिरकं कशाला व्हावं लागतं? झाड तर खिडकीच्या समोर आहे. विचारणार होतो, पण पाटी कॉटखाली.

"छापायच्या आधी एकदा अख्खा फोटो बघा तरी," ती म्हणाली.

ऋचा झाली, प्रोग्राम झाला, आता हीच एक उरली होती.

रविवार, २१ सप्टेंबर

जिन्यात केदार भेटला. बी इमारतीत राहतो, सोसायटीचा सचिव, नोकरी हिंजवडीला. अर्धं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये जातं आणि उरलेलं गाडीला जागा शोधण्यात.

"सर, ऐकलं तुम्ही प्रदर्शन लावताय. ऑल द बेस्ट हं."

मी पाटी काढून लिहायला लागलो.

"राहू दे सर, मी गेस करतो. 'वृक्षद्रोही'. बरोबर?"

तोच शब्द अर्धा लिहून झाला होता. पुसला.

"पार्किंग मला पाहिजेच, खोटं कशाला बोलू? पण जुलैमध्ये फांदी पडली ना, तेव्हा माझी मुलगी, कादंबरी, तिथेच सायकल चालवत होती. पहिलीत आहे ती. त्या दिवसापासून बायको तिला खाली सोडत नाही." तो चेष्टा करत नव्हता. "झाड झुकत नाहीये असं कुणी दाखवलं, तर मी स्वतः तुमच्या बाजूने हात वर करीन. पण भाषण नको सर. प्रूफ पाहिजे."

'मिळेल,' मी लिहिलं.

प्रतिपक्षात इतका सरळ माणूस असला की फार गैरसोय होते. त्याच्यावर योजलेली तीन वाक्यं फुकट गेली.

बुधवार, २४ सप्टेंबर

नऊच्या नऊ फोटो छापून झाले. सगळ्या कागदांवर झाड सारखंच भरदार दिसावं म्हणून कुणाला दीडशे, कुणाला एकशे ऐंशी असं स्केल दिलं. एकाही कागदावर पांढरी रेघसुद्धा नाही. पूर्वदर्शन एकदाही बघितलं नाही, हे अभिमानाने नोंदवतो.

२०२० च्या फोटोशी जरा थांबलो. करोनाचं वर्ष. त्या पंधरा ऑगस्टला कुणी खाली उतरलं नव्हतं. मी उतरलो. झेंडा चढवला आणि रिकाम्या आवारासमोर पूर्ण भाषण केलं, कारण श्रोते नाहीत म्हणून स्वातंत्र्यदिन टळत नाही. इतक्या भाषणांतलं हे सर्वांत एकाकी. ऐकायला, बघायला चिटपाखरू नाही. घरी आलो तर श्यामलाने उपम्याची बशी पुढे ठेवली आणि "झालं?" एवढंच विचारलं. आता कळतंय की त्याही दिवशी ही वर उभी राहून झाडाचे फोटो काढत होती. खरं सांगतो, वाईट वाटलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

हॉलमध्ये फोटो लावले. एका ओळीत, २०१७ पासून आजपर्यंत. वर मथळा: 'हे झाड झुकत नाही. आपण झुकणार का?' मथळा मीच हाताने रंगवला. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

दारापाशी जाऊन दुरून बघितलं, तेव्हा काहीतरी खटकलं. २०१७ चं झाड सरळ. पुढचं जरासं कललेलं. त्याच्या पुढचं आणखी. यंदाचं तर पानाच्या टपरीला टेकून रिक्षाची वाट बघणाऱ्या माणसासारखं. हॉलची भिंतच कलती असणार. त्या बांधकामाच्या वेळीही मी आवाज उठवला होता. कागद थोडे फिरवून चिकटवले, तर कागदच वाकडे दिसू लागले. पुन्हा सरळ केले. माणसं झाड बघतील, कोन मोजत बसणार नाहीत.

श्यामला डिंकाची बाटली धरून उभी होती. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला हल्ली ऐकू यायला लागलंय. या आजाराची ही सर्वांत त्रासदायक बाजू.

रविवार, २८ सप्टेंबर

आजचं सगळं लिहितो, जसं घडलं तसं.

हॉल भरला होता. सहा विषय चहाबरोबर गिळले गेले. सातवा आला. दिगंबरराव उठले, चष्मा चढवला आणि हात पाठीमागे बांधून माझ्या फोटोंच्या ओळीसमोरून सावकाश चालत गेले. शेवटच्या फोटोपाशी थांबले.

"सर, आपले आभार मानावे तेवढे थोडे," ते म्हणाले. "जे मला वर्षभर लोकांना पटवता आलं नाही, ते आपण स्वखर्चाने दाखवून दिलंत." त्यांनी आपली मिटलेली छत्री पहिल्या फोटोवर उभी धरली. "हे २०१७. सरळ." मग मधल्या एकावर. "हे २०२१. सुरुवात झाली." मग शेवटच्यावर. छत्री आणि झाड यांच्यात बोट नव्हे, हात जाईल एवढी फट. "आणि हे यंदाचं. अजून थोडं थांबलो तर बी इमारतीच्या लोकांना गच्चीत बसून फुलं वेचता येतील. छप्पर राहिलं तर."

हशा पिकला. केदार हसला नाही. तो यंदाच्या फोटोकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

मी उभा राहिलो. अख्खं भाषण घशाशी आलेलं. तोंड उघडलं. मागून श्यामलाने सदरा धरून असा ओढला की शिवण उसवल्याचा आवाज मला आला. बसलो नाही. पाटीवर लिहिलं 'खोटं!' आणि ती डोक्यावर धरली.

"सर, फॉन्ट मोठा करा!" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

एवढा हतबल मी माईक काढून घेतले तेव्हाही झालो नव्हतो. माझ्याच भिंतीवर, माझ्याच हाताने मी झाडाविरुद्ध पुरावा चिकटवला होता आणि तो पुरावा खोटा आहे एवढंही मला सांगता येत नव्हतं. कारण तो खोटा का आहे हेच मला कळत नव्हतं.

तेव्हा श्यामला उभी राहिली.

"दिगंबरराव, हे अर्धे फोटो आहेत. अख्खे माझ्याकडे आहेत." तिने कापडी पिशवीतून ऋचाचा लॅपटॉप काढला. तो तिने कधी बरोबर घेतला, मला पत्ता नाही. "केदार, हा त्या टीव्हीला लागतो का रे?"

केदारने वायर जोडली. टीव्हीवर ती छापायची खिडकी उघडली.

"आता 'फिल' काढ आणि 'फिट' कर," श्यामला म्हणाली. हे ती कधी शिकली? "छापायचं नाहीये. प्रिव्ह्यू बघू दे सगळ्यांना."

पांढऱ्या कागदावर आडवा फोटो उभा राहिला. यंदाचा. मधोमध तिरकं झाड, आणि उजव्या कडेला झेंड्याचा खांब. तोही तिरका. खालची कंपाउंडची भिंत जिन्यासारखी चढत गेलेली.

"एक मिनिट," केदार म्हणाला. त्याने फोटो हळूहळू फिरवला. खांब सरळ झाला. भिंत आडवी झाली. झाड त्यांच्याबरोबर उभं राहिलं. त्याने पुढचा फोटो घेतला. मग पुढचा. दर वेळी खांब सरळ केला की झाड सरळ.

"खांबच कललेला नसेल कशावरून?" दिगंबरराव म्हणाले.

"काका, खांब बसवताना ओळंबा तुम्ही धरला होतात," केदार म्हणाला. "झाड कललं नाहीये. फोन कललाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. दिगंबरराव मात्र टीव्हीच्या जवळ गेले होते. "हे खांबापाशी कोण आहे? हात वर केलेला?"

केदारने स्केल वाढवलं. चित्र मोठं होत गेलं, जरा पुसट झालं, पण ओळखू येण्याइतकं राहिलं. पांढरा सदरा, वर गेलेला उजवा हात. मी. त्याने मागचा फोटो आणला. मी. त्याच्या मागचा. मी. २०२० च्या फोटोत सगळं आवार रिकामं, एक खुर्चीसुद्धा नाही, आणि खांबापाशी मी एकटा, हात वर.

"वहिनी, खरं सांगा," दिगंबरराव वळले. "आपण फोटो झाडाचे काढत होतात की सरांचे?"

"ह्यांचे," श्यामला म्हणाली. "झाड मध्ये येतं."

काय हसले लोक! दिगंबररावांनी संधी सोडली नाही. "बघा! म्हणजे वहिनींनाही अडचणच होते त्याची. काढून टाकू या."

"मध्ये येतं म्हणून कुणी तोडतं का?" ती म्हणाली. "आपण थोडं तिरकं व्हायचं."

आणि खाली बसली.

वक्तृत्वाच्या दृष्टीने वाक्य अपुरं होतं. त्याला चढण नव्हती, आवाहन नव्हतं, शेवट तर मुळीच नव्हता. मी त्या एका मुद्द्यावर वीस मिनिटं घेतली असती. पण त्यानंतर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मी ओळखतो. मला ती आयुष्यात एक-दोनदाच मिळाली आहे, आणि तीही माईक असताना.

पहिला हात केदारने वर केला. मग बी इमारतीतले बरेच. विषय सात फेटाळला गेला. वाळक्या फांद्या तेवढ्या रीतसर परवानगी घेऊन उतरवायच्या. दिगंबररावांनी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं, "झाड सरळ आहे, फोटो तिरके आहेत." कुणीतरी विचारलं, सरांचे आभार मानायचे का? "पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "त्यांना उत्तर देता येईल तेव्हा."

सगळे म्हणतात, जिंकलात. माझ्या प्रदर्शनाने झाड जवळजवळ आडवं केलं होतं आणि ते ज्या खांबाने वाचवलं तोच मी कापून टाकला होता. याला जिंकणं म्हणत असतील तर शब्दकोश बदलला पाहिजे. घरी येईपर्यंत श्यामला फक्त उसवलेल्या सदऱ्याबद्दल बोलली.

सोमवार, २९ सप्टेंबर

डॉक्टरांनी घसा तपासला. जखम भरली आहे. आजपासून दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी, हळू, आणि सलग नाही. मग रोज थोडं वाढवायचं.

मौन सुटल्यावरचं पहिलं वाक्य मी तीन आठवडे घडवत होतो. त्यात न्याय होता, निसर्ग होता, दिगंबररावही होते.

घरी येऊन आधी २०२० चा फोटो छापायला घेतला. कागद आडवा ठेवला. 'फिट'. प्रिंट दाबायच्या आधी पूर्वदर्शन बघत बसलो, बराच वेळ. मधोमध झाड, आणि उजव्या कडेला तो माणूस, रिकाम्या आवाराकडे तोंड करून. खिडकीकडे बघत नाहीये. बाकीचे आठही उघडून बघितले. एकातही बघत नाहीये. मग छापला. कागदाला चारी बाजूंनी पांढरी कड राहिली. राहू दिली.

श्यामला स्वयंपाकघरात होती. दारात उभा राहून खाकरलो. ती वळली. गॅस बंद केला, हात पुसले, स्टूल ओढलं आणि समोर बसली, पुढच्या रांगेत बसावं तशी.

"हं. बोला."

घडवलेलं वाक्य काही केल्या आठवेना. "तुला इथून माझं भाषण ऐकू यायचं?" असा आवाज निघाला. खरखरीत, परक्याचा वाटावा असा.

"छे हो. कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरच्या गाड्या. ऐकू कुठलं येतंय?" ती म्हणाली. "दिसायचात."

मी आत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. खिडकीच्या जाळीतून झाडाची ती उजवीकडची फांदी दिसत होती.

पाच मिनिटांतलं अर्धंही खर्च झालं नाही. उरलेलं उद्यावर टाकता येतं का, ते डॉक्टरांना विचारायला हवं.